बेळगाव शहर पोलीस : तक्रार कुठे द्यायची, कोणत्या सेवा मिळतात?

बेळगाव : पोलीस स्थानकाची पायरी चढताना सीमाभागातील अनेकांच्या मनात दोन शंका असतात. घटना महाराष्ट्रात किंवा गोव्यात घडली असेल, तर इथले पोलीस तक्रार घेतील का? आणि कन्नडमध्ये लिहिलेला कागद समजला नाही, तरी सही करायची का?

कोणते स्थानक कुणाकडे?
बेळगावला २०१४ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. मार्केट, खडेबाजार, कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, माळमारुती, उद्यमबाग यांच्यासह काकती, हिरेबागेवाडी आणि मारिहाळ ही स्थानकेही आयुक्तालयात येतात. महिला, रहदारी आणि सायबर गुन्ह्यांसाठी (सीईएन) वेगळी स्थानके आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी मात्र जिल्हा पोलीसप्रमुखांकडे.

हद्दीचे कारण चालत नाही
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. समजा, कोल्हापूरहून येताना बसमध्ये दागिने चोरीला गेले. बेळगावात उतरून तक्रार दिली तरी चालते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पुढे ती संबंधित स्थानकाकडे पाठवली जाते. माहिती ऑनलाईन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते.

सही करण्यापूर्वी
लिहिता आले नाही तर तोंडी सांगा. ते लिहून घेणे आणि तुम्हाला वाचून दाखवणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. मजकूर कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून द्यायला सांगा. तारीख, वेळ, वस्तू, रक्कम बरोबर आहे ना, हे पाहूनच सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणेही बंधनकारक आहे.

तक्रार घेतलीच नाही तर?
शहरात आयुक्तांकडे, जिल्ह्यात पोलीसप्रमुखांकडे लेखी अर्ज पाठवा. टपालाने पाठवलात तर पावती जपून ठेवा. तिथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

इतर सेवा
- तातडीची मदत : ११२
- ऑनलाईन आर्थिक फसवणूक : १९३० (पैसे गेल्याचे कळताच फोन करा, रक्कम पुढे वळती होण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते)
- महिला मदत : १८१, मुलांसाठी : १०९८
- हरवलेली कागदपत्रे : कर्नाटक पोलिसांची ‘ई-लॉस्ट’ सुविधा
- हरवलेला मोबाईल बंद करणे : केंद्राचे ‘सीईआयआर’ पोर्टल
- पोलीस पडताळणी दाखला : ‘सेवासिंधू’वर अर्ज

स्थानकातून निघताना गुन्हा क्रमांक, तारीख आणि तपास अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्या. पुढची प्रत्येक चौकशी त्यावरच चालते. झिरो एफआयआरचा नियम देशभर एकच आहे. त्यामुळे चंदगड, पणजी किंवा इंदूरला असतानाही तो तितकाच उपयोगी पडेल.