आधी कागद, मग काम

लंडनमध्ये नोकरी लागलेल्या मराठी मुलाकडे कंपनी आज सर्वांत आधी मागते तो ‘शेअर कोड’. अक्षरे आणि आकडे मिळून नऊ, सुरुवात डब्ल्यूने, मुदत 90 दिवस. मालक तो सरकारी संकेतस्थळावर टाकतो, तिथला फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहतो आणि मगच माणसाला कामावर घेतो. या तपासणीचे कूळ शोधत गेलो की आपण बंदरावर पोहोचतो, आणि तिथे रत्नागिरीचे लोक भेटतात.

ब्रिटिश बोटींवर कोकणातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबले. आशियाई खलाशांसाठीच्या ‘एशियाटिक’ करारावरचा त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या कितीतरी खाली असे. म्हणून काही जण करार सोडून ब्रिटनच्याच बंदरांत राहत आणि तिथल्या दराने काम शोधत. पहिल्या महायुद्धात ते चालले. युद्ध संपले, बोटींवरची कामे आटली आणि 1919 मध्ये कार्डिफ, लिव्हरपूल, साउथ शील्ड्समध्ये काळ्यासावळ्या खलाशांवर जमाव चालून गेले. गोऱ्या खलाशांच्या युनियननेही त्यांना हटवण्याचा लकडा लावला.

मार्च 1925 मध्ये सरकारने ‘कलर्ड एलियन सीमेन’ हुकूम काढला. रंगाने गोरा नसलेल्या ज्या खलाशाकडे ब्रिटिश प्रजा असल्याचा लेखी पुरावा नसेल, त्याने पोलिसांकडे परका म्हणून नोंद करायची. गोवेकर कायद्याने पोर्तुगीज प्रजा होते. रत्नागिरीचा माणूस मात्र जन्माने ब्रिटिश प्रजा होता, पण ते सिद्ध कसे करणार? गावात जन्माची नोंद झालेलीच असेल असे नव्हते, आणि बोटीवर चढताना पासपोर्ट कुणी मागितला नव्हता. त्याचा रंग गोरा असता तर हा प्रश्नच कुणी विचारला नसता. हा अन्याय उघड होता आणि तो कायद्याच्या भाषेत लिहिलेला होता. 1935 मध्ये जहाज कंपन्यांना अनुदान देताना ब्रिटिश नागरिकांना प्राधान्य द्यायचे ठरले, तेव्हा ‘परके’ ठरलेल्या या माणसांच्या हातची कामे गेली. हुकूम मागे घेतला गेला तो 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात खलाशी हवे होते तेव्हा.

बंदरावरची ही कागदाची अट सगळ्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत आली ती 1996 च्या कायद्याने. तपासणीचे काम पोलिसांकडून मालकाकडे आले. आज बेकायदा कामगार ठेवल्याबद्दल पहिल्याच वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड होतो. अशा दंडाच्या धास्तीत मालक शंकेचा फायदा कामगाराला देत नाही. कॅरिबियन बेटांवरून 1973 पूर्वी, बरेचसे लहानपणीच, ब्रिटनला आलेल्या लोकांनी हे भोगले. त्यांना राहण्याचा आणि काम करण्याचा पूर्ण हक्क होता, कागद नव्हता. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी लँडिंग कार्डे गृहखात्याने 2010 मध्ये नष्ट केली होती. नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर धाडले गेले. 2018 मध्ये हे सगळे उघडकीला आले आणि सरकारला माफी मागावी लागली.