पेटंट संपलं, मग रंग आले

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाहीत. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एवढंच मोजतो, की आपल्यावर प्रकाश किती पडला. मग रंग येतात कुठून? त्या ठिपक्यांवर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची अतिसूक्ष्म जाळी असते. एका ठिपक्यापर्यंत फक्त लाल प्रकाश पोचतो, शेजारच्यापर्यंत फक्त हिरवा. उरलेले रंग सॉफ्टवेअर आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने भरतं. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. आम्ही इंजिनिअर मंडळी तिला ‘बायर फिल्टर’ म्हणूनच ओळखतो.

पण एकाच पृष्ठभागावर तीन रंगांची बारीक आखणी करायची आणि त्यातून सगळे रंग मिळवायचे, ही युक्ती त्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधी, १८६९ मध्ये, एका फ्रेंच पुस्तिकेत छापून आली होती. तिच्या लेखकाचं नाव लुई द्यूको द्यु ओरों.

द्यु ओरों यांचा जन्म १८३७ चा, बोर्डोजवळच्या लांगों गावातला. पुढे आयुष्याचा मोठा भाग आजाँ या लहान शहरात गेला. पॅरिस लांब, हाताशी ना प्रयोगशाळा ना कारखाना. थोरला भाऊ आल्सीद न्यायखात्यात होता, त्याचा आधार होता. १८६२ मध्ये त्यांनी रंगीत फोटोची कल्पना लिहून काढली आणि एका ओळखीच्या गृहस्थांमार्फत पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडायचा प्रयत्न केला. ते टिपण पुढे सरकलंच नाही.

कल्पना अशी होती. एकाच दृश्याचे तीन कृष्णधवल फोटो काढायचे: एक नारिंगी, एक हिरव्या आणि एक जांभळ्या काचेतून. मग प्रत्येकाची छाप उलट रंगात घ्यायची. जांभळ्या काचेतून घेतलेल्या फोटोची पिवळ्यात, हिरव्याची गुलाबीकडे झुकणाऱ्या लालात, नारिंगीची निळ्यात. जिलेटीनचे हे तीन पातळ पापुद्रे नेमके एकावर एक बसवले, की रंगीत चित्र तयार. कोणत्याही रंगीत प्रिंटरची शाईची खोकी उघडून बघा. निळा, गुलाबी, पिवळा: हे तिघे तिथे आजही बसलेले आहेत.

नोव्हेंबर १८६८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ७ मे १८६९ ला फ्रेंच फोटोग्राफी सोसायटीच्या बैठकीत हे काम मांडलं गेलं, तेव्हा एक विलक्षण योगायोग समोर आला. त्याच बैठकीत जवळपास तीच पद्धत आणखी एकाने मांडली होती. ते होते शार्ल क्रो, पॅरिसचे कवी. क्रो यांनी तर डिसेंबर १८६७ मध्येच आपली कल्पना मोहोरबंद पाकिटात घालून विज्ञान अकादमीकडे ठेवली होती. दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.

अडचण होती ती रसायनांची. तेव्हाच्या फोटोच्या काचांना निळा प्रकाश चटकन कळायचा, हिरवा जेमतेम आणि लाल जवळजवळ नाहीच. लाल भागाची नोंद घ्यायची तर कॅमेरा कितीतरी वेळ उघडा ठेवावा लागे. म्हणून त्यांच्या चित्रांत माणसांपेक्षा पानं, फुलं, मांडून ठेवलेल्या वस्तू आणि जागचं न हलणारं शहर जास्त दिसतं. १८७७ मधलं आजाँचं दृश्य त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. विशेष म्हणजे त्यांनी पक्की रंगद्रव्यं वापरली, त्यामुळे त्या छापांतले रंग अजून टिकून आहेत.

१८७३ मध्ये जर्मनीत हेर्मान फोगेल यांना शोध लागला, की ठरावीक रंग मिसळले तर काचांना हिरवा प्रकाशही कळू लागतो. पण लालासकट सगळे रंग नीट टिपणाऱ्या काचा यायला विसावं शतक उजाडलं. फ्रान्समध्ये तेव्हा पेटंटची मुदत जास्तीत जास्त १५ वर्षं होती. म्हणजे पद्धतीतून पैसा निघायची वेळ आली, तोवर हक्क केव्हाच संपून गेला होता.

१९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी ‘ऑटोक्रोम’ काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या स्टार्चचे कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यांच्यामधून फोटो घ्यायचा. १८६९ च्या पुस्तिकेत रेघा होत्या, इथे कण होते. गंमत म्हणजे हलती दृश्यं टिपून पुन्हा दाखवणाऱ्या यंत्राचं पेटंटही द्यु ओरों यांनी १८६४ मध्येच घेतलं होतं, आणि तेही पुरेशा वेगवान काचांअभावी कागदावरच राहिलं. ज्या ल्युमिएरांचा सिनेमा १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला, तेच हे. दोन्ही वेळा यश त्यांच्याच दारी गेलं.

यात चोरी नव्हती. ल्युमिएरांकडे ल्योंमध्ये फोटोच्या काचांचा मोठा कारखाना होता, आणि ऑटोक्रोम जमवायला त्यांनी वर्षानुवर्षं कष्ट घेतले. आमच्या धंद्यात म्हणतात, कल्पनेला किंमत नाही, ती उतरवून दाखवणाऱ्याला आहे. मलाही बरीच वर्षं हे पटत होतं. पण द्यु ओरों यांनी ते उतरवूनही दाखवलं होतं. कमी पडलं ते त्यांच्या हाती नसलेलं रसायन, आणि ते येईपर्यंत थांबायला लागणारा पैसा. १९२० मध्ये ते आजाँमध्ये वारले.

बायर यांचं नाव पुसायचं कारण नाही. हिरवे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट ठेवायचं डोकं त्यांचंच. पण खिशातल्या कॅमेऱ्याचा इतिहास १९७६ पासून सांगितला, तर तो अर्ध्यातून सुरू होतो.