जुन्या घरातला बोर्ड ओळखा : तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं नाही

उन्हाळा लागला की पत्र्याचा कूलर बाहेर निघतो आणि जवळ जो प्लग दिसेल त्यात लावला जातो. घर जुनं असेल तर आधी तो प्लग नीट बघून घ्या.

सगळ्यात जुना प्लग ओळखायला सोपा. लाकडी बोर्डावर काळा किंवा तपकिरी बॅकेलाइटचा गोल डबा, त्याला दोनच भोकं. एक फेज, दुसरं न्यूट्रल. अर्थिंग नाहीच. भिंतीवर लाकडी पट्टी आणि त्यावर पत्र्याच्या क्लिपांत धरलेली वायर बहुधा याच्याच जोडीला असते. रेडिओ, टेबलफॅनच्या काळातली ही सोय. आता त्यात मोबाईलचा चार्जर लावतात, पण चार्जरच्या पिना बारीक, त्यामुळे तो सैल बसतो. ठिणग्या उडतात, भोकाच्या कडा काळ्या पडतात. काळं पडलेलं दिसलं तर तो पॉइंट बंदच करा.

तीन भोकांचे दोन प्रकार. लहान पूर्वी 5 अँपिअरचा, मोठा 15 चा. आता त्यावर 6 आणि 16 छापलेलं असतं. (हा गोल पिनांचा साचा ब्रिटिशांचा. त्यांनी स्वतः 1947 पासून चौकोनी पिना आणल्या, आपण गोलच ठेवल्या.) पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे लहान पॉइंटच्या क्षमतेबाहेर. मोठी पिन लहान भोकात बसवायला बाजारात कन्व्हर्टर मिळतो. त्यानं पिन बसते, पण मागची वायर काही जाड होत नाही.

खरा धोका मात्र दोन भोकांच्या जुन्या डब्यात नाही. तो निदान दिसतो तसा आहे. फसवतो तो नवा पांढरा तीन भोकांचा बोर्ड, जो जुन्या दोनच वायरींवर बसवलेला असतो. आमच्या घरात रंगकामाच्या वेळी असाच चकचकीत बोर्ड बसला होता. कूलरला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती.

कधी कधी याहून वाईट असतं. वरचं भोक आतून न्यूट्रललाच जोडून दिलेलं असतं. सगळं व्यवस्थित चालतं, पण कुठं न्यूट्रल तुटला की त्या पॉइंटवरच्या कूलरचा, फ्रीजचा पत्राच जिवंत होतो. जुन्या घरात न्यूट्रलवरही किटकॅट असतो. तो उडाला तरी तेच.

टेस्टरनं एवढं कळतं : समोरून बघताना उजव्या भोकात दिवा लागला पाहिजे, डाव्या आणि वरच्या भोकात नाही. बटण बंद केल्यावर उजवीकडचा दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर बटण बहुधा न्यूट्रलवर आहे, म्हणजे बटण बंद करूनही पॉइंटला करंट राहतो. पण वरच्या भोकात दिवा लागला नाही म्हणून अर्थिंग आहे असं ठरत नाही. तिथं वायर नसली तरी तो लागत नाही. ते वायरमनकडूनच तपासून घ्या आणि बोर्ड उघडून दाखवायला सांगा. वरच्या भोकाची वेगळी वायर, नव्या वायरिंगमध्ये बहुधा हिरवी, अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली पाहिजे. खड्डा कोरडा ठणठणीत असेल तर उन्हाळ्यात पाणी टाकत राहा.

नव्या सॉकेटच्या भोकांना आतून झडप असते. वरची लांब पिन आधी शिरते आणि झडप उघडते. बरेच जण वरच्या भोकात काडी खुपसून दोन पिनांची वस्तू लावतात. लेकरं हे बघतात आणि उद्या खिळा घालतात.

मीटरच्या पुढची वायरिंग आपली जबाबदारी. सगळं घर एकदम बदलणं जमत नसेल तर आधी मोरी, स्वयंपाकघर आणि कूलरचा पॉइंट करा, आणि मेनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा.