अमृतसरचे तंबू

येरवड्याला किंवा ठाण्याला 'धाडण्या'ची भाषा आम्हा मराठी माणसांच्या थट्टेत इतकी मुरली आहे की तिच्यात परतीचा उल्लेखच नसतो, हे आमच्या ध्यानातही येत नाही. थट्टा वस्तुस्थितीला फारशी सोडून नव्हती. 1912 च्या कायद्याखाली बहुधा दंडाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन माणूस आत जाई. नातेवाईक फाटकाशी थांबत, आणि पुष्कळदा तेथूनच कायमचे मागे फिरत.

हे फाटक नातेवाइकांना उघडे करण्याचा आपल्या देशातील एक ठळक प्रयोग 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात झाला. डॉ. विद्यासागर तेथील अधीक्षक होते. रुग्ण फार, माणसे थोडी. त्यांनी आवारात तंबू उभारले आणि घरच्यांना रुग्णासोबत राहावयास बोलावले. रुग्णाची देखभाल घरच्यांनी करावयाची, आजार डॉक्टरांनी सर्वांना एकत्र बसवून समजावून द्यावयाचा. ह्यात नाइलाज किती आणि तत्त्व किती, हा वाद आम्हाला गौण वाटतो. शेजारच्या तंबूतला माणूस सावरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, ह्याची सर कोणत्या व्याख्यानाला येणार? विद्यासागरांनी लिहून ठेवले थोडेच. पण पुढे वेल्लोरला 1957 पासून कुटुंबासह उपचारांची रीत रुजली, आणि बंगळूरलाही कुटुंबांसाठी कक्ष निघाले.

मात्र ह्याच अमृतसरच्या इतिहासाला दुसरी बाजू आहे. फाळणीनंतर, 1950 साली, दोन्ही देशांनी मनोरुग्णांची अदलाबदल केली. लाहोरच्या रुग्णालयातले हिंदू व शीख रुग्ण सीमेपलीकडून इकडे आले. मंटोंच्या 'टोबा टेक सिंग'मुळे हा प्रसंग साहित्यात राहिला. वैद्यकाच्या अंगाने त्याचा विचार आम्ही क्वचितच करतो. ज्याचे गाव परदेशात गेले आणि घरची माणसे कोठे विखुरली कोण जाणे, त्याच्या तंबूत कोणी यावयाचे? कुटुंब हेच औषध ठरले की निराधार रुग्ण औषधावाचून राहतो. बरा झाला तरी आतच राहतो.

ह्या प्रश्नाला कायद्याने स्पष्ट उत्तर दिले ते फार उशिरा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 मध्ये अमलात आला. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे तो सांगतो. अशांसाठी हाफवे होमसारखी निवासाची सोय उभारण्याचे काम त्याने नातेवाइकांकडे नव्हे, सरकारकडे दिले आहे.