लहान कुत्र्याला डॉग पार्कमध्ये नेताय? आधी हे वाचा

तीन किलोचं पॉमेरेनियन आणि 30 किलोचा लॅब्रेडॉर एकाच मैदानात आले, तर मोठ्याने खेळता खेळता मारलेली झडपही लहानग्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच अनेक डॉग पार्कमध्ये लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग असतो.

जाण्याआधी: पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो आणि रेबीजच्या लसी पूर्ण हव्यात. पिल्लांचे सुरुवातीचे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर थांबा. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा.

तिथे गेल्यावर: आधी कुंपणाबाहेरून पाच मिनिटं पाहा. आत तुमचा कुत्रा शेपूट पायांत घालून अंग चोरत असेल, तर बाहेर पडा.

दुसरा कुत्रा चावला तर: जखम वरून टाचणीएवढी दिसली, तरी आत मोठी इजा असू शकते. लगेच पशुवैद्यकाकडे न्या.