बाबांची रॅले आणि तिचं ‘ओव्हरऑईल’

दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत जिन्याखाली एक सायकल उभी असायचीच. आमच्या जिन्याखालची रॅले बाबांनी 1947 साली घेतली. नॉटिंगहॅमची, दांडीच्या ब्रेकची, चेनव्हीलमध्ये तीन बगळ्यांची डोकी. तेव्हा आपण गायकवाडी संस्थानात होतो. 1949 साली मुंबई राज्यात गेलो, 1960 साली गुजरातेत आलो. सायकल आपली घर ते कोठी कचेरी, एवढीच फिरत राहिली.

त्या काळी चांगली सायकल म्हणजे विलायती. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस. पुढे इथेच कारखाने निघाले: मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनपतला ॲटलस, 1956 साली लुधियान्याला हीरो. पण कारकुनाच्या घरात दुसरी सायकल हा विषयच नव्हता. पहिलीच दीड पगाराला पडली होती. म्हणून दर दिवाळीआधी तिचं ‘ओव्हरऑईल’. खरा शब्द ओव्हरहॉल, पण काम तेलाग्रीसचं असल्यामुळे लोकांनी तो सुधारून घेतला. मला तोच जास्त बरोबर वाटतो.

मिस्त्री सायकल उलटी करायचा आणि सगळं सुटं करून रॉकेलच्या थाळीत टाकायचा. छर्रे मोजायचं काम माझं. मागच्या चाकात पाव इंची, एका बाजूला नऊ. पुढच्या चाकात बारीक, दहा. पायडलच्या मधल्या बीबीत अकरा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मला कॉमर्सच्या डेबिट-क्रेडिटच्या आधी कळलं. क्रँकच्या कॉटर पिना एकमेकींच्या उलट दिशेने ठोकायच्या, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. मग चाकांचा आउट काढायचा: पुढे 32 तारा, मागे 40.

बाबा छर्रे न चुकता नवे टाकायला लावत. कारण रॅलेच्या बीबीचे आटे इंचाला 26, बाजारात मिळणाऱ्या कपांचे 24. कप गेला तर दुसरा बसत नाही. झिजलेले छर्रे कप खातात, आणि छर्रे तर चिल्लरमध्ये मिळतात. हे गणित त्यांनी डायरीत ठेवलंय. 1947 पासून 1983 पर्यंत दर वर्षी एक ओळ: छर्रे, ग्रीस, मजुरी. पुढच्या ओळी माझ्या अक्षरात आहेत.

याच सायकलीवर मी काळ्या घोड्याजवळचा विश्वामित्रीचा पूल ओलांडून युनिव्हर्सिटीत जायचो. बँकेत लागल्यावर स्कूटर आली, तरी ओव्हरऑईल चालू राहिलं.

गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, “बाबा, आता ती भंगारात द्या, मी गिअरवाली पाठवतो.” प्रेमानेच म्हणाला. पण आजोबांची सायकल किलोवर जाणार, हे माझ्या घशाखाली उतरेना. एका नव्या दुकानात दाखवली, तर ते म्हणे नवे आटे पाडून बाजारचे कप बसवू. मी सायकल परत आणली. मांडवीकडे एक म्हातारे मिस्त्री अजून बसतात. रॉकेल आता मिळत नाही, त्यांनी डिझेलमध्ये कप धुतले, बोट फिरवलं आणि मला दाखवले. एक खड्डा नाही. म्हणाले, “साहेब, आ लोखंड हवे नथी मळतुं.”

टायर-ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं, छर्रे, मजुरी धरून 2,850 रुपये झाले. मुलाची सायकल चौदा हजारांची होती. आता हा खर्च महसुली की भांडवली? नेहमीची दुरुस्ती असेल तर महसुली. आयुष्य वाढलं असेल तर भांडवली. घसारा काढत गेलो असतो तर पुस्तकी किंमत कधीच शून्यावर आली असती. मी डायरीत नुसती रक्कम लिहिली. मुलानेही तेवढे पैसे हट्टाने पाठवले, म्हणाला ही ओळ माझ्या नावावर टाका. टाकली.

आता रोज सकाळी कमाटी बागेपर्यंत जातो. हँडलखालचा बगळ्याचा बिल्ला मात्र कधीतरी पडला तो पडलाच. कुणाच्या माळ्यावर जुनी मोडकी रॅले असेल तर जरा पाहा आणि कळवा. योग्य मोल देईन.