विलंबाचे तंत्र : ध्वनियंत्रणेतील क्रमवार वीजजोडणी आणि रिलेचा इतिहास

प्रस्तावना

विजेचे बटण दाबताच उपकरण सुरू होते, हा सर्वसाधारण समज आहे. सभागृहातील ध्वनियंत्रणा मात्र या समजाला अपवाद ठरते. तेथे मिक्सर, इक्वलायझर, क्रॉसओव्हर ही उपकरणे आधी आणि पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा लागतो. बंद करताना हाच क्रम उलटा पाळावा लागतो. क्रम चुकल्यास आधीच्या उपकरणात सुरू होताना निर्माण झालेला क्षणिक धक्का ॲम्प्लिफायरमध्ये अनेक पटींनी वाढतो आणि लाऊडस्पीकरची कॉइल निकामी होऊ शकते. हा क्रम माणसाच्या स्मरणावर न सोडता तारांच्या जोडणीत बसविणारे साधन म्हणजे विलंब-रिले होय. अंतरावर मात करण्यासाठी जन्मलेला रिले काळाचे नियमन करणारे साधन कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अंतराचे साधन

दूरवरून येणाऱ्या क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबक कार्यान्वित करावा आणि त्याच्याद्वारे दुसऱ्या, अधिक प्रबळ प्रवाहाचे नियंत्रण करावे, हे रिलेचे मूलतत्त्व आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ते प्रयोगाने दाखविले. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर असा संदेश गेल्यानंतर विस्तारत गेलेल्या तारायंत्राच्या जाळ्याला रिलेचाच आधार होता. १८९१ मध्ये आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि विद्युतचुंबकीय यंत्रणा जोडणी करणाऱ्या माणसाची जागा घेऊ लागली. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात रिले मंडलांची मांडणी बूलच्या बीजगणितात करता येते, हे सिद्ध केले. तोपर्यंत 'हे झाले तरच ते व्हावे' अशी अट घालण्याचे सामर्थ्य रिलेने मिळविले होते. 'ते काही वेळाने व्हावे' ही अट मात्र निर्वात नलिकांमुळे निकडीची झाली.

थांबण्याची गरज

निर्वात नलिकेचा कॅथोड तापल्याखेरीज ती काम करीत नाही. पाऱ्याची वाफ असलेल्या रेक्टिफायर नलिकांच्या बाबतीत तर ही केवळ गैरसोय नव्हती. कॅथोड पुरेसा तापण्यापूर्वी उच्च दाब दिला, तर धन आयनांच्या माऱ्याने कॅथोडवरील लेप नष्ट होत असे. त्यामुळे आधी फिलामेंट तापविणे आणि काही काळ थांबून मगच उच्च दाब जोडणे आवश्यक ठरले. या कामासाठी औष्णिक विलंब-रिले वापरात आला. त्यातील लहान तापक द्विधातूची पट्टी तापवितो. ती हळूहळू वाकते आणि संपर्क जुळतो. येथे उष्णता हेच घड्याळ होते.

सुरू करण्याचा क्षण हाच धोक्याचा क्षण असतो, ही जाणीव ब्रिटिश अभियंता टॉमी फ्लॉवर्स यांच्या कार्यातही दिसते. त्यांच्या कोलोसस यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १,६०० नलिका होत्या. ते यंत्र १९४४ च्या आरंभी ब्लेचली पार्क येथे कार्यरत झाले. नलिका वारंवार चालू-बंद न करता सतत चालू ठेवल्यास त्या विश्वासार्ह ठरतात, हा अनुभव त्यांनी टेलिफोन क्षेत्रातून आणला होता.

कारण बदलले, साधन टिकले

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. ट्रान्झिस्टरला तापण्याची गरज नसल्याने विलंबाची आवश्यकता संपेल, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात दोन नवी कारणे पुढे आली. पहिले असे की, लाऊडस्पीकरला थेट जोडलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये आरंभी मंडल स्थिर होईपर्यंत एकदिश दाब लाऊडस्पीकरपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून लाऊडस्पीकर काही सेकंदांनी रिलेद्वारे जोडण्याची पद्धत रूढ झाली. दुसरे असे की, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात. अनेक ॲम्प्लिफायर एकाच वेळी सुरू केल्यास फ्यूज जातो किंवा सर्किट ब्रेकर पडतो.

१९७१ मध्ये हान्स कामेनझिंड यांनी रचलेले आणि १९७२ मध्ये सिग्नेटिक्सने बाजारात आणलेले ५५५ हे टायमर आयसी या संदर्भात महत्त्वाचे आहे. रेझिस्टरमधून कपॅसिटर भरू द्यावा आणि त्यावरील दाब पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश झाला की रिले ओढला जावा, अशी रचना त्याद्वारे करता येते. विलंबाचा काळ रेझिस्टर व कपॅसिटर यांच्या मूल्यांच्या गुणाकाराच्या सुमारे १.१ पट असतो. १०० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड घेतल्यास तो सुमारे ५ सेकंद येतो. पहिल्या रिलेच्या संपर्कातून दुसऱ्या टायमरला आणि दुसऱ्याच्या संपर्कातून तिसऱ्याला वीज दिली की साखळी तयार होते. आधीची कडी जुळल्याशिवाय पुढची जुळत नाही.

या साखळीची खरी कसोटी वीज अवचित जाऊन परत येते तेव्हा लागते. महाराष्ट्राने २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचा दीर्घ अनुभव घेतला. साध्या बटणांवर चालणारी यंत्रणा चालूच राहिली, तर पुरवठा परतताच सर्व उपकरणे एकदम सुरू होतात. रिले मात्र वीज जाताच सुटतात आणि पुरवठा परतल्यावर क्रम पुन्हा आरंभापासून चालतो. त्यासाठी प्रत्येक कपॅसिटर त्वरित रिकामा होण्याची सोय हवी. अन्यथा क्षणभर वीज गेल्यास विलंब अपुरा पडतो. तसेच, रिले सुटताना त्याच्या कॉइलमधील ऊर्जेने आयसी निकामी होऊ नये म्हणून कॉइलला समांतर उलटा डायोड जोडावा लागतो. या दोन्ही गोष्टी वगळल्या तरी मंडल पहिल्या चाचणीत चालते. दोष पुढे प्रकट होतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, विलंब-रिलेचा इतिहास हा एका शोधाचा इतिहास नसून, उपकरणे कोणत्या क्षणी निकामी होतात याविषयी साठत गेलेल्या ज्ञानाचा इतिहास आहे. हे ज्ञान आरंभी यंत्र चालविणाऱ्याच्या हातात होते, पुढे ते द्विधातूच्या पट्टीत आणि नंतर आयसीमध्ये बसविले गेले. त्यामुळे सुरक्षितता वाढली. परंतु एकच बटण दाबणाऱ्याला क्रमाचे कारण ठाऊक असण्याची गरज उरली नाही. यंत्रणा बिघडते तेव्हा हीच उणीव जाणवते. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात यशस्वी शोधांबरोबरच अपयशांतून आलेल्या अशा सावधगिरीचीही नोंद होणे आवश्यक आहे.